कुलोत न्हाव्याची नववी संध्याकाळ

मनिला,
३ सप्टेंबर १९९४

ती. हर्मिनिया तिया यांस,
सा. न. वि. वि. तुमचा हात मनानेच कपाळाला लावून नमस्कार करते आणि वाईट बातमी सांगून टाकते. माझी 'कुलोत न्हावी' मालिका बंद झाली. आठ भाग दाखवले, नववा लिहून तयार होता. वाहिनीचे साहेब म्हणाले, कापलेले केस गिऱ्हाइकाची दुःखं कुजबुजतात आणि न्हावी ती झाडून समुद्रात टाकतो, असलं खूळ कोण बघणार? लोकांना रडणाऱ्या सुना हव्यात. दुसऱ्याच दिवशी दुकानाचा देखावा मोडून टाकला. नववा भाग मी फाडला.

तिया, लिहिणं आता बस्स. हाँगकाँगला एका घरी दोन मुलं सांभाळायचं काम मिळतंय. कागद आलेत, पुढच्या महिन्यात सही. रागावू नका. आई गेल्यापासून मावशी नव्हे, तुम्हीच माझी आई, म्हणून तुम्हाला आधी कळवलं. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची माया अशीच राहो,
दिविना

गिम्बाल,
१५ सप्टेंबर

चि. इंदाय दिविनास,
अनेक आशीर्वाद. इकडे देवाच्या कृपेने सगळे ठीक, गुडघा सोडून. तुझं पत्र वाचून मी आधी रडले, मग चिडले. फाडलास? अगं, तळलेला मासा तरी असा फेकतं का कुणी?

मग म्हटलं, घरातलं कुणी गेलं की नऊ संध्याकाळी प्रार्थना होते, तर कुलोतची का नको? दर गुरुवारी आमच्या घरात येऊन बसत होता तो. प्रार्थना सांगणाऱ्या थोरल्या बाईला, मानांग साबेलला बोलावलं, तर ती फणकारली, टीव्हीतल्या माणसासाठी जपमाळ ओढायची म्हणजे पाप आहे. बरं बाई, म्हटलं, तू घरी बैस. प्रार्थना मीच सांगितली. मग शेजारच्या एकेकाने एकेका संध्याकाळी एकेक भाग सांगायचा, असं ठरलं. कोळीण पासिंगने पहिला सांगितला, त्यात नसलेलं वादळ घातलं. दुसऱ्या दिवशी त्यावरून भांडण. तिसऱ्या दिवशी बघते तर साबेल स्वतःची खुर्ची घेऊन दारात! म्हणे, तुम्ही सगळं चुकीचं सांगताय. ही बया दर गुरुवारी कुणाच्या खिडकीतून बघत होती देव जाणे.

आता घोळ ऐक. आठ संध्याकाळी आठ भाग झाले. नववीला सगळे आले, मी गूळभात शिजवला, कुलोतसाठी वेगळी ताटली काढून ठेवली. आणि सांगायला कुणीच उठेना, कारण नववा भाग कुणी पाहिलेलाच नाही! नववी झाल्याशिवाय सुतक सुटत नाही आणि तोवर घरात केरसुणी लावता येत नाही, हे मी तुला सांगायला नको. माझ्या घरात वाळू साचली आहे. पण आपल्या चौकातल्या थोरल्या न्हाव्याने, मानोंग तिनोने हद्द केली. तो म्हणतो, कुलोत माझ्या धंद्यातला, म्हणजे सुतक मलाही. नऊ दिवस त्याने दुकान झाडलेलं नाही. गिऱ्हाइकं घोटाभर केसांतून चालत खुर्चीपर्यंत जातात. त्याची बायको मला येता-जाता शिव्या देते.

तेव्हा नववा भाग पाठव. सगळ्यांना एकच हवंय. कुलोतचे स्वतःचे केस टाचेपर्यंत वाढलेत, ते कापणार कोण? हाँगकाँगचं मी काही बोलत नाही. तू मोठी झालीस, माझी लहानगी इंदाय राहिली नाहीस. पण आमचं अर्धवट ठेवून जाऊ नकोस.

कळावे, लोभ आहेच, वाढवायला जागाही आहे,
हर्मिनिया

मनिला,
२२ सप्टेंबर

ती. तिया यांस,
सा. न. वि. वि. घोटाभर केस वाचून मी एकटीच खो खो हसले आणि मग किती तरी वेळ रडत बसले. साहेब म्हणाले होते कोण बघणार. मला वाटलं, खरंच कुणी नाही.

सोबत सोळा पानं आहेत. फाडलेला भाग हा नव्हे. त्यात कुलोत होडीत बसून एकटाच निघून जात होता. तो आता मला लिहवेना. यात ज्यांची दुःखं त्याने झाडली ती सगळी माणसं रांगेने येतात आणि प्रत्येकजण त्याची एकच बट कापतो, कारण एवढं सगळं एकट्याने ऐकणं कुणालाच झेपायचं नाही. प्रत्येक बट एकच गोष्ट कुजबुजते: उद्या कुणी आलंच नाही तर?

मानोंग तिनोंना म्हणावं, आता झाडा. तिया, पानं तुम्हीच मोठ्याने वाचा. साबेलना मधे बोलू देऊ नका.

तुमची,
दिविना

गिम्बाल,
३० सप्टेंबर

चि. इंदाय दिविनास,
अनेक आशीर्वाद. काल संध्याकाळी वाचलं. चाळीस माणसं होती, अंगणातसुद्धा बाकं टाकली. बटांच्या जागी मी चष्मा काढून पुसायला घेतला, तेव्हा पुढचं पासिंगने वाचलं. वादळ घातलं नाही. संपल्यावर बघते तर तिनो तोंड वळवून नाक शिंकरत होता.

मग मी साबेलला शेवटची, निरोपाची प्रार्थना सांगायला सांगितलं. तिने पोथी उघडली, बघितली, मिटली. म्हणाली, ही मेलेल्यांसाठी असते. हा तर आत्ता कुठे केस कापून बसलाय, याला मी निरोप देणार नाही. आणि गूळभाताची ताटली उचलून स्वतःच खायला लागली! मग सगळेच जेवले. आठवा भाग दाखवला त्या गुरुवारपासून मोजलं तर दहा तारखेला चाळिसावा दिवस येतो, तेव्हा पुन्हा सगळे जमायचे. त्या दिवशी काय सांगणार म्हणून सगळी मला विचारतात. मी काय सांगू? माझ्याकडे काही नाही. तुझ्याकडे आहे का?

तुझीच,
हर्मिनिया

मनिला,
५ ऑक्टोबर

ती. तिया यांस,
सा. न. वि. वि. हाँगकाँगचे कागद आज परत दिले. एजंटबाईंनी कारण विचारलं. मी म्हटलं, गावी चाळीस माणसं खोळंबली आहेत.

शनिवारच्या बोटीने निघते. दहावा भाग अर्धा झालाय, उरलेला बोटीत लिहीन.

तुमची,
दिविना