सुनेचं ताट

९ जुलै १९७८
तीन घास. चौथा घशाशीच अडला. घरातली गडीमाणसं, मग पोरंसोरं, मग सासूबाई, आणि शेवटी मी – तोवर भात गार होतो. जे पोटात जाईल ते तेव्हाच, पुढचं थेट रात्री. उन्हाळ्यात नागपूरला पोटातला अल्सर फुटला म्हणून अर्ध्याहून जास्त पोट कापून काढलं. डॉक्टर म्हणाले, बाई, आता दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खात जा. दर दोन तासांनी! इथे एकोडीला येऊन सासूबाईंना सांगा म्हणावं.

११ जुलै
भूक लागतच नाही. कुणाला सांगितलं तर हसतील. पूर्वी धानाच्या रोवणीवरून आले की ताटभर भात आणि लाखोळीचं वरण कधी संपलं कळायचं नाही. आता पोट गप्प. घरातलं कुणी गेल्यासारखं वाटतं. खायचं ते औषधासारखं, आठवणीने.

१४ जुलै
चुलीशी बसल्या बसल्या मूठभर मुरमुरे तोंडात टाकले. सासूबाई दारातच उभ्या. "गडी मानसं बांधीत उपाशी हायेत, अन् तू इथं तोंड हालवून रायली?" थुंकून टाकले. यांना सांगितलं, डॉक्टरांचं तुम्ही बोला ना आईंशी. "मायले मी काय सांगू? तूच घे सांभाळून."
घेतलं. दुपारी धानाच्या बांधीत रोपं हातात घेऊनच चिखलात पडले.

२० जुलै
पोलकं खांद्यावरून घसरतं. धानाच्या भरल्या कोठीला टेकून बसले होते आणि वाटलं – मी मरणार, अशीच, हळूहळू. भीती वाटली. फार.

२९ जुलै
चहात गूळ जास्त पडला होता. गोड पोटात गेलं की माझं असंच होतं हल्ली – छाती धडधडते, घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी. न्हाणीशी बसून उलटी केली. पाठीवर हात फिरला. सासूबाईंचा! लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदाच.
मग कानाशी वाकून, "सत्यभामा, दवाखान्यातून आली तशी तू बाहेर नाही बसली वं?"
नाहीच बसले. अंगात रक्त नाही, म्हणून पाळी नाही. चांगलं खाल्लं की येईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हे तेव्हा औषधं आणायला गेले होते. सांगायला तोंड उघडलं. तर सासूबाई म्हणतात, "चाल, उठ. भात हाय गरम. पोटुशीनं असं उपाशी राहू नाही."
तोंड मिटलं. भात खाल्ला.

३० जुलै
सकाळी दूधभात. मग उकडलेलं अंडं. मग पुन्हा भात, वाटीभरच. "पोटुशीले एकदम जात नसते, थोडी थोडी खात जाय." – नेमकं डॉक्टरांचंच! मामंजींच्या आधी माझं ताट आलं. त्यांनी एकदा बघितलं आणि पान जुळवत बसले. घास गिळताना मानही वर करवेना. पण गिळला.

१० ऑगस्ट
खरं सांगायचं तर आठवडाभर मलाही वाटत होतं, असेल का? होण्यासारखं होतं. आज टाके दुखतात म्हणून यांच्याबरोबर भंडाऱ्याला गेले. हे बाहेर बाकावर. बाईडॉक्टरांनी तपासलं. दिवस गेलेले नाहीत, म्हणाल्या.
घरी सासूबाई पायरीवरच बसल्या होत्या. "काय म्हने डाक्टरीन?"
"पोटभर खायला सांगितलंय."
हे माझ्याकडे बघत राहिले.

२ सप्टेंबर
पोळा. सासूबाईंनी हाताने पुरणपोळी भरवली. दोन घासांत घाम, उलटी. शेजारच्या कुंताबाईंना सांगत होत्या, "पाह्य, गोड नाही पचत. पोरगाच हाय." इतकं हसताना त्यांना कधी पाहिलं नव्हतं. जुनी लुगडी फाडून वाकळ शिवायला घेतली आहे, इवलीशी. स्वतःच्या वाटणीचं दूध माझ्या वाटीत ओततात. त्या वाईट असत्या तर बरं झालं असतं.

११ सप्टेंबर
चक्कर नाही. गाल भरले. बांगड्या हातात फिरत नाहीत. सासूबाई येताजाता पोटाकडे बघतात. उद्या सांगून टाकायचं, काय व्हायचं ते होवो.

१२ सप्टेंबर
नाही सांगितलं.

२१ सप्टेंबर
पहाटे पाळी आली. अंगात रक्त भरलं तर.
न्हाणीतच बसून राहिले. सांगितलं की बाहेर बसायचं, आणि मग या घरात पुन्हा सगळ्यांच्या मागून, थंड झालेलं, एकदाच. ठेवलं घरात तर.
भाताच्या वाफेचा वास आला आणि पोटात काहीतरी ओढलं. दुखणं वाटलं आधी. दुखणं नव्हतं. भूक! ऑपरेशननंतर पहिल्यांदा.
सासूबाई चुलीशी दूधभात कालवताहेत. हाक मारून राहिल्या आहेत.
आधी जेवून घेते.