खोकल्यानंतर लेथ मोकळा असतो

वसतिगृह,
४ मार्च

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण माझा प्रबंध. आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात माझं एम.ए.चं शेवटचं वर्ष चालू आहे, हे तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगता असं आई म्हणते. प्रबंध अलिखित समझोत्यांवर आहे. दोन देशांचं पटत नाही, करार कुठे लिहिलेला नाही, तरी सीमेवरचे व्यवहार वर्षानुवर्षं सुरळीत चालतात, ते कसे? त्यासाठी मला पाच निवृत्त राजदूतांना भेटायचं आहे. पण आमच्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, राजदूतांकडे जाण्याआधी मुलाखतीची पद्धत ओळखीच्या माणसांवर तपासून घे. एकमेकांशी न बोलणारे कुणी दोघं माहितीत आहेत का, असंही त्यांनी विचारलं. मला फार आठवावं लागलं नाही.

सुट्टीत तुमच्याशी आणि बाबांशी वेगवेगळं बोलले, त्याची तीन पानं सोबत आहेत. नावं घातलेली नाहीत. तुम्ही 'अ पक्ष', बाबा 'ब पक्ष'. दोघांनी तीच पानं वाचून प्रत्येक पानावर सही करायची असा नियम आहे. एक सही जरी कमी पडली तरी समिती राजदूतांच्या मुलाखतींना परवानगी देत नाही. समिती २८ तारखेला बसते आणि त्यानंतर थेट सहा महिन्यांनी. पाचांतले एक राजदूत एक्याण्णव वर्षांचे आहेत.

बाबांचं मी फोनवर बघते. तुम्ही फोनवर महत्त्वाचं काही बोलत नाही, म्हणून हे पत्र. काकूला नमस्कार.

सहीची वाट बघणारी,
तुमची खारूताई


दुकान,
८ मार्च

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

पानं मिळाली. चार वेळा वाचली. मी नववीत शाळा सोडली आणि शिलाई मशिनं उघडून उघडून शिकलो, त्यामुळे प्रबंधाबद्दल मला मत नाही. चुका अकरा आहेत.

दुकानात मधोमध भिंत घातली असं तू लिहितेस. तो सहा मिलिमीटरचा प्लायवूड आहे आणि छताला टेकत नाही. भिंत म्हटल्यावर समितीचा गैरसमज होईल. 'सुमारे दहा वर्षं' हेही नको, नऊ वर्षं दोन महिने. भांडणाचं कारण तू 'व्यावसायिक मतभेद' दिलंस. मत कसलं त्यात? कारखान्याची बारा मशिनं दुरुस्तीला होती. सातव्याचा टाका सुटत होता. मी म्हटलं पाठवायचं नाही. तुझ्या वडिलांनी पाठवलं. चौथ्या दिवशी परत आलं. ते दोऱ्याला दोष देतात. तो दोरा मी जपून ठेवला आहे. उत्तम आहे.

आता पान दोन. दोघांत कसलाही संवाद नाही, हे साफ चूक. बोलत नाही हे खरं. पण सुटे भाग कातायचा लेथ एकच आहे आणि तो तुझ्या वडिलांच्या बाजूला आहे. त्यांचं काम आटोपलं की ते दोनदा खोकतात. मी पलीकडे जातो, ते तोंड फिरवून बसतात, मी लेथ वापरतो. इतक्या वर्षांत एकदाही घोळ झालेला नाही. 'ब पक्ष खोकून खूण करतो' असं लिही, मी लगेच सही करतो.

तब्येतीला जप. काकू खुशाल आहे.

तुझाच,
काका (अ पक्ष)


वसतिगृह,
११ मार्च

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

भिंतीचा प्लायवूड केला. दहा दुरुस्त्या जशाच्या तशा घातल्या. अकरावीवर बाबा अडले. खूणबीण काही नाही, दुकानात धूळ आहे म्हणून खोकला येतो, आणि त्याच्या सोयीसाठी मी खोकतो असं लिहिलंस तर सही विसर, असं म्हणाले. मी विचारलं, धुळीचा खोकला नेमका दोनदाच कसा येतो? त्यांनी फोन आईकडे दिला.

बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, अशा वेळी मुत्सद्दी लोक दोघांना मान्य असेल तेवढंच लिहितात आणि कारणाला हात लावत नाहीत. म्हणून आता वाक्य असं आहे: 'ब पक्षाच्या खोकल्यानंतर लेथ मोकळा असतो.' कोण कशासाठी खोकतो, काही नाही. नवी पानं आईला फोनवर पाठवली, तिने छापून आणली आणि बाबांनी तिन्ही पानांवर सही केली; तीच पानं ती तुमच्याकडे आणून देईल. आता तुम्ही एकटे उरलात. काका, प्लीज.

आशेवर असलेली,
खारूताई


दुकान,
१७ मार्च

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

वाक्य खोटं नाही, अपुरं आहे. मंगळवारी खोकल्यानंतर टपाल आलं. तेही घालणार का? अपुऱ्या कामावर मी सही करत नाही, सातव्या मशिनच्या वेळीही केली नव्हती.

तरी हट्टीपणा नको म्हणून चार दिवस नोंद ठेवली. खोकला नऊ वेळा, लेथ नऊ वेळा मोकळा. लेथ चालू असताना खोकला एकदाही नाही. धूळ इतकी समजूतदार नसते. नोंदीची प्रत सोबत आहे.

तुझे सहा महिने जातील हे मला कळतं. काकू दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे.

माया आहेच, ती सहीवर अवलंबून नाही.
काका


वसतिगृह,
१९ मार्च

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

नोंद बाबांना वाचून दाखवली. त्याला दुसरा उद्योग नाही का, असं म्हणाले. मग तुमच्या गुडघ्याचं विचारलं. मी म्हटलं मला माहीत नाही, तुम्ही तीन फुटांवर बसता.

टपालाला दोन दिवस लागतात. पानं वेळेत आली नाहीत तर माझी पद्धत फसली असं मी समितीला कळवीन. राग नाही. पण कॉलेजला जाईपर्यंत रोज त्या प्लायवूडच्या दोन्ही बाजूंना डबा मी पोचवला आहे. निदान एका कागदावर तरी तुम्ही दोघं शेजारी दिसाल असं वाटलं होतं.

तुमची,
खारूताई


दुकान,
२३ मार्च

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

पत्र परवा मिळालं. मोघम वाक्यावर सही करायची नाही आणि तुझं नुकसानही करायचं नाही, म्हटल्यावर खात्री करून घेणं एवढंच हातात होतं. काल दुपारी सव्वातीनला खोकला आला. मी पलीकडे गेलो. लेथला हात न लावता विचारलं, "दादा, हा खोकला मुद्दाम आहे का?"

दादा एक मिनिटभर खोक्यात स्क्रू शोधत राहिला. मिनिट अंदाजे, घड्याळ माझ्या बाजूला आहे. मग म्हणाला, "मग काय, हाका मारत बसू तुला?"

मी ते होकारार्थी धरलं आणि तसं त्याला विचारूनही घेतलं. पान दोनवर 'खूण' हा शब्द हाताने घातला आहे, शेजारी दोघांच्या सह्या आहेत. तिन्ही पानं सोबत. मात्र यामुळे एक नवी चूक झाली. 'दोन्ही पक्ष एकमेकांशी बोलत नाहीत' हे काल सव्वातीनपर्यंतच खरं आहे. तसं लिही, दादाला मान्य आहे.

तेव्हापासून दोन भांडणं झाली, दोन्ही दोऱ्यावरून. प्लायवूड काढा असं काकू म्हणते, पण त्याला दोन्हीकडून हत्यारं टांगलेली आहेत, तेव्हा तूर्त राहील. आज सकाळी लेथ मोकळा झाल्यावर दादा न खोकता एकदम ओरडला, झालं रे म्हणून. दचकून माझ्या हातातली सुई मोडली. मी त्याला म्हटलं, खोकलाच बरा होता. तो म्हणाला, तसं लेखी दे.

राजदूतांना नीट प्रश्न विचार. उत्तर अपुरं वाटलं तर परत विचार.

दोघांचे आशीर्वाद एकाच पाकिटातून,
काका