बोट लागली, म्हणजे धक्क्याला

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार (गुडघ्यामुळे मनातल्या मनात). तुझी कंबर कशी आहे? आवर्जून विचारतेय, कारण माझ्या पोटाची चौकशी तू गावभर केलीस, फक्त मला सोडून.

हौशी लोकांना खोल समुद्रात मासेमारीला नेणारी ती भाड्याची बोट. रविवारी परतल्यावर मी धक्क्यावरूनच तुला फोन केला आणि म्हटलं, "ताई, बोट लागली." वारा होता, फोन तुटला. कुठे लागली हे विचारायचं सोडून तू माझ्या चिरंजीवांना कळवलंस की आईला बोट लागली, उलट्या करून अर्धी झालीये. अगं, धक्क्याला लागली. चिरंजीवांनी लगेच कप्तानाला बजावलं की आईला पुन्हा न्यायचं नाही. सूनबाईंनी माझी उन्हाची टोपी माळ्यावर टाकली. जन्मभर दुसऱ्यांचे डबे भरले, आता कुठे गळ टाकून बसायला मिळालं, तर तुम्हा सगळ्यांच्याच पोटात दुखायला लागलं.

झालं काय ते ऐक. किनारा दिसेनासा झाल्यावर कप्तानाने गळ वाटले. शेजारी एक वकील होते (पहिल्याच फेकीत स्वतःचाच खिसा पकडणारे). मी मात्र कठड्यावरून वाकले होते, बराच वेळ. मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात चारा टाकतात, ते काम मी अंगावर घेतलं होतं (कुणी सांगितलं नव्हतं, पण कामाची सवय जात नाही). आणि लागली. बोट नव्हे, सुरमई. दोरी अशी सुटली की रीळ किंचाळायला लागलं.

कप्तान म्हणाला, "मावशी, सोडा. हात जाईल."

"हात माझा आहे," मी म्हटलं, "मी बघीन."

वकिलांनी मागून कंबर धरली नसती (भुवया चढवू नकोस, जीव वाचवायला धरली) तर मीच तिच्या गळाला लागले असते. पण ओढली. हाताएवढी सुरमई फळीवर पडली तेव्हा मी रडले, ताई. इतकी खूश मी कित्येक वर्षांत झाले नव्हते.

तेव्हा सांगून ठेवते, येत्या रविवारी मी जाणार. चिरंजीव दारात आडवे पडले तर ओलांडून जाईन.

तुझी, आणि अजून धडधाकट,
धाकटी

ता. क. कप्तान म्हणतो, घरचं कुणी मोठं माणूस सोबत असेल तरच नेईन. माझ्याहून मोठं आता तुझ्याशिवाय कोण उरलंय? शनिवारीच ये.

आणखी एक ता. क. येताना तुझ्या त्या उलटीच्या गोळ्या आण, दोघींना पुरतील एवढ्या. चिरंजीवांनी विचारलं तर सगळ्या तुझ्यासाठी आहेत.