न वाजलेली बेल

प्रिय सत्यवती,

फोन सोडून बाप पत्र का लिहितोय, म्हणून हसू नकोस. मला कमी ऐकू येतं, म्हणून मी फोनवर ओरडतो, आणि ते स्वयंपाकघरात कीर्तीला ऐकू जातं. हे तिला कळायला नको. काळूरामच्या हाती तुझ्याकडे ओवे गावी पाठवतोय. पाकीट नीट चिकटवलंय, कारण दुसऱ्याचं वाचल्याशिवाय त्याला अन्न पचत नाही.

पाय लुळा पडल्यापासून माझं जग म्हणजे ही खाट आणि खिडकीतून दिसणारी समोरच्या इमारतीची भिंत. तुझा भाऊ परेश जासईच्या कंटेनर यार्डातून येतो तो दमून झोपतो. दिवसभर घरात मी आणि कीर्ती. पोर मला न्हाऊ घालते, गू-मूत काढते, तोंडातून ब्र काढत नाही. तेच मला खातं. लग्न होऊन आली तेव्हा किती बडबडी होती, आठवतं ना? आता आमचं बोलणं म्हणजे गोळी घेतली का, आणि पाणी गरम आहे.

देवघरातली घंटी तिनंच माझ्या उशाशी आणून ठेवली. जन्म एसटीच्या कंडक्टरकीत गेलेला माणूस मी, लगेच नियम केला: सिंगल बेल म्हणजे ये, डबल बेल म्हणजे राहू दे, चल पुढे. तेव्हा खूप हसायची. खरं सांगू? काही नको असतानाही मी वाजवायचो. पंखा कमी कर, पंखा वाढव. दारात माणूस दिसलं की बरं वाटायचं गं. इतकी माणसं गाडीत चढवली-उतरवली, आणि आता एक चेहरा बघायला घंटी वाजवावी लागते.

परवा ती पिठाच्या हातांनी धावत आली. "आले ओ आबा, आले! तुमी किती वाजवता?" पूजेला म्हणून सकाळी तिनंच घंटी देवघरात नेली होती. माझे हात रिकामे होते. ते तिच्या लक्षात आलं, तशी फरशीवर बसली आणि ओढणी तोंडात कोंबून रडली. मला उठून तिच्या डोक्यावर हात ठेवता येईना. त्यानंतरही ती अशीच न बोलावता धावत येते. डॉक्टरला दाखव म्हटलं, तर परेश म्हणतो, "काय नाय हो, झोप कमी पडते तिला."

आपल्यात बाप लेकीच्या घरी मुक्काम करत नाही. जावईबापूंनी कितीही आग्रह केला तरी मी चहा पिऊन दिवेलागणीच्या आत परत फिरलो. आता लोक काय म्हणायचं ते म्हणोत. बाय माझी, मला महिनाभर घेऊन जा. तुलाही त्रास होईल, कळतं मला. पण मी इथे असेपर्यंत ती झोपणार नाही, डॉक्टरकडेही जाणार नाही. आणि आपण कमी पडलो म्हणून आबा गेले, असं तिला वाटता कामा नये. म्हणून रविवारी ये आणि तिच्यासमोर हट्ट कर, भांड माझ्याशी, म्हण की बाप तुला हवाय. मी नाही नाही म्हणेन. तू ऐकू नकोस.

तुझाच,
आबा