मशीनवर फुली

१ सप्टेंबर २०२५, सोमवार

सकाळी सहाला उठलो. चहा केला. साडेअकराला डबा आला — वांग्याची भाजी, पोळ्या, भात. दुपारी मशीन लावली. दवाखान्यातून आलेली पिशवी तशीच पडून होती. तिच्यातला तपकिरी स्वेटर, चादर, टॉवेल, वर माझे दोन सदरे — सगळं एकत्र टाकलं. सापडलं ते बटण दाबलं. गरम पाण्याचं असावं. स्वेटर बाहेर आला तो चार वर्षांच्या मुलाच्या मापाचा!

प्रेमिलाला जाऊन आज तेवीस दिवस.

संध्याकाळी पुण्याहून अश्विनचा फोन. स्वेटरचं सांगून बसलो. मुलाला असल्या गोष्टी सांगू नयेत. "बाबा, तुमच्यानं एकट्यानं होणार नाही. धम्मचक्र दिनाला मी अन् मिनल येतो. तोवर जमलं तर राहा इथं. नाही तर घराला कुलूप लावू अन् तुम्ही आमच्यासोबत चला."

म्हणजे महिनाभराने परीक्षा. निवृत्तीनंतर नऊ वर्षांनी. विषय — कपडे.

३ सप्टेंबर

कपड्यांची लेबलं वाचायला बसलो. चष्म्यावर भिंग धरून. चौतीस वर्षं भूमी अभिलेखात मोजणी केली, त्यातली अकरा पारशिवनीला. नकाशावरच्या खुणा मला पाठ आहेत. गोल म्हणजे विहीर. त्रिकोण म्हणजे मोजणीचा ठिय्या. इथे मानेमागे इंचभर चिंधीवर अख्खा नकाशा, आणि सूची कुठेच नाही!

आलेखाच्या कागदावर मीच सूची केली. पाण्याचं टोपलं, आत ३० — तीस मिनिटं भिजवा. इस्त्रीच्या पोटात एक टिंब — एकदाच फिरवा. त्रिकोणावर फुली — समजलं नाही, जागा मोकळी सोडली. चौकोनात गोल — समोरून पाहिलं तर हुबेहूब आपली मशीन! आणि तिच्यावर फुली. सहा कपडे तपासले. सहाच्या सहांवर फुली.

म्हणजे मशीनला मनाई. म्हणजे प्रेमिलाने सोळा वर्षं सगळं चुकीचं धुतलं! नेहमी म्हणायची, "तुमचं मोजमाप ऑफिसात ठेवून येत जा." आज मला थोडं समाधान वाटलं. वाटलं ते लिहून ठेवतो.

४ सप्टेंबर

मशीनवर जुनी चादर घातली. बादली काढली.

८ सप्टेंबर

आता वेळापत्रक बसलं आहे. आठला सुरुवात, डबा येईपर्यंत काम. एका वेळी एकच कपडा. आधी लेबल, मग पाणी. तीस मिनिटं घड्याळ लावून. पिळायचं नाही, दाबून पाणी काढायचं. बहुतेकांवर चौकोनाच्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा आहेत. खाली इंग्रजीत लिहिलंही आहे — सावलीत वाळवा. म्हणून मागच्या खोलीत दोऱ्या बांधल्या.

शेजारच्या कांताबाईंनी भिंतीवरून पाहिलं. "काहून जी भाऊ, एकट्या मानसाले एवढं पानी लागते? म्हशी धुऊन राहिले का?"

म्हटलं, लेबलावर लिहिलं आहे तसं करतो.

"लेबल! माह्या लुगड्याले तं कोनी काही लिहून नाही देल्लं. तरी साठ वर्षं झाली, धुऊनच राहिली."

११ सप्टेंबर

माझ्या सदऱ्यांना एकही लेबल नाही. मानेला टोचतं म्हणून मी कधीतरी कुरकुर केली असेन. प्रेमिला नवा सदरा आला की आधी कात्री घ्यायची. आता माझे सदरे कसे धुवायचे ते कुठेच लिहिलेलं नाही. साबण लावतो आणि खळबळतो.

१५ सप्टेंबर

इस्त्रीला दोन सदरे घेऊन गेलो. ताराचंदची गाडी तलावाच्या रस्त्यावर असते. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून खिशातली सूची दाखवली. त्याने इस्त्री उभी करून ठेवली आणि हसला. बराच वेळ.

"साहेब, ही मशीन नाही न! हा कपडे सुकवाचा डबा हाय, बिजलीवाला. फुली त्याले हाय. आपल्या नागपुरात एवढं ऊन तापते, त्या डब्याले कोन विचारते!"

आणि तीस?

"तीस डिग्री पानी. मिनट नाही. म्हंजे आपल्या नळाचंच. मे महिन्यात तं त्याच्याहून गरम येते."

त्रिकोणही सांगितला — ब्लीच. इस्त्रीतलं टिंब म्हणजे कमी गरम. माझ्या सूचीत सावली सोडून सगळं चूक निघालं. सदऱ्यांचे पैसे घेताना म्हणाला, "बाई सब कुछ मशीनमधेच टाकत होत्या न?"

होय. सोळा वर्षं, काहीही न वाचता, बरोबर.

घरी येऊन ३ तारखेचं पान काढलं. ते समाधानाचं वाक्य खोडावं वाटलं. पण नकाशावर खाडाखोड करू नये ही सवय. राहू दिलं.

१६ सप्टेंबर

आठला मशीन लावली. थंड पाणी, हलकं फिरवणं. पन्नास मिनिटांत सगळं झालं. आठ पन्नास.

डबा साडेअकराला येतो.

१७ सप्टेंबर

मशीनवर चादर घातली. बादली काढली.

२३ सप्टेंबर

बोटांची सालं निघत आहेत. कांताबाईंनी खोबरेल तेल आणून दिलं. "प्रेमिला असती तं तुमच्या हातातून बादली हिसकली असती."

म्हटलं, ती असती तर बादली लागलीच नसती.

त्या बाटलीचं झाकण घट्ट लावून भिंतीपलीकडे गेल्या.

३० सप्टेंबर

उद्या अश्विन आणि सून मिनल येणार. मागच्या खोलीतल्या दोऱ्या सोडल्या. कपडे घडी घालून जागच्या जागी ठेवले. फरशी पुसली. हाताला दोनदा तेल लावलं. फारसा फरक नाही.

१ ऑक्टोबर

पाया पडताना अश्विनने माझे हात धरले. पाहिले. मग उठून मशीनवरची चादर उचलली. "बिघडली का?"

"नाही."

"मग हातानं धुता? एका माणसाचे कपडे, अन् हाताची ही गत? असं काहून करून राहिले बाबा तुम्ही?"

मशीन चालवता येत नाही म्हणावं, तर नापास — पुणे. खरं सांगावं, तर आजच्या रात्रीच्या गाडीनेच पुणे. मी ताराचंदला दाखवलेली सूची काढली. चौकोन, गोल, फुली. म्हटलं, मशीनला मनाई आहे ना. लिहिलं आहे.

मिनलने तोंडावर हात धरला. "बाबा, तो ड्रायर आहे! ड्रायर!" आणि हसूच आवरेना. अश्विनही हसला. ऑगस्टनंतर या घरात कोणी हसलं नव्हतं. खोटं बोललो असं म्हणता येणार नाही. पंधरा दिवस जुनं खरं सांगितलं.

मग मिनलने चाळीस मिनिटं शिकवलं. मी मधूनमधून मुद्दाम चुकत होतो. "तीस म्हणजे मिनिटं ना?"

"डिग्री हो बाबा!"

२ ऑक्टोबर

पांढरे कपडे घालून तिघं दीक्षाभूमीला जाऊन आलो. रांगेत तीन तास. माझा कुर्ता काल मशीनमध्ये मीच धुतला होता. मिनलने त्याचा फोटोही काढला.

दुपारी तिने रुमाल शोधायला प्रेमिलाचं कपाट उघडलं. "आईंनी किती नीट ठेवलं आहे सगळं! अजून साबणाचा वास येतो."

मी पंखा सुरू केला.

रात्री जेवताना अश्विन म्हणाला, "जमेल बाबांना. राहू दे इथंच." मिनलची अट — रोज सकाळी सुरू मशीनचा फोटो पाठवायचा. "एक दिवस नाही आला, तं मी स्वतः येऊन घेऊन जाईन तुम्हाला."

उत्तीर्ण!

४ ऑक्टोबर

गेले. घर राहिलं.

६ ऑक्टोबर, सोमवार

आठला मशीन लावली. माझा एक सदरा, एक पायजामा. फोटो पाठवला. मिनलचा अंगठा आला.

मग प्रेमिलाचं कपाट उघडलं. महिनाभर रोज तिचेच कपडे धुतो आहे. त्यातला एकही मळलेला नव्हता. सगळ्यात खालच्या खणातला शेवटचा गाऊन तेवढा राहिला होता. दहा वाजता तो झाला. कपाट संपलं.

डब्याला अजून दीड तास होता. वरच्या खणातला पहिला कुर्ता काढला. लेबल पाठ आहे. तरी वाचलं. बादलीत पाणी सोडलं.