पेन्सिलीनं घातलेलं नाव

ताबाका, ४ मार्च १९९८

ती. क्वाम्बोकाताईस,
धाकट्या गेसारेचा सा. न. वि. वि.

गाठ परत आलीय. उजव्या दंडावर, त्याच जागी, तिसऱ्यांदा. सहा वर्षांपूर्वी तू सुई टोचून आतलं पाणी काचेवर घेतलंस, सूक्ष्मदर्शकातून पाहिलंस आणि निरुपद्रवी म्हणालीस, म्हणून इथल्या डॉक्टरांनी दोन्ही वेळा तेवढीच काढली. आता ॲव्होकॅडोएवढी झालीय. सासूबाई म्हणतात, गाठ सुनेच्याच वळणावर गेलीय, हाकललं तरी माघारी येते. मीही हसते. पण विकायची दगडाची भांडी घासून गुळगुळीत करताना बोटं बधिर होतात. हात गेला तर करू काय? सोमवारी तुझ्या इस्पितळात येते. तुझा लोभ सुईपेक्षा मऊ असू दे.

तुझी गेसारे


किसुमू, २ मे १९९८

चि. गेसारेस, अनेक आशीर्वाद.

तू गेल्यावर नवी काच पाहिली, मग कपाटातून जुनी काढली. मिशनच्या शाळेत सिस्टर सांगायच्या, पेन्सिलीचं खोडता येतं, शाईचं राहतं. आमच्या कामात उलटं. काच स्पिरिटमध्ये बुडवली की शाई वाहून जाते, म्हणून नाव पेन्सिलीनं घालतात. ‘गेसारे’ अजून तसंच होतं.

दोन्ही काचांवर पेशी त्याच. लांबट, चटईच्या विणीसारख्या गुंफलेल्या. तेव्हा मला त्या जखम भरणाऱ्या पेशी वाटल्या. तो क्वचित दिसणारा कर्करोग आहे, मांसात मुळं सोडून पुन्हापुन्हा उगवणारा. नैरोबीला गाठीचा तुकडा पाठवला, त्यांचंही तेच उत्तर आलं. तेव्हाच भोवतालच्या मांसासकट काढली असती तर हात वाचता. आता सर्जन म्हणतात, खांद्यापासून काढावा लागेल. चूक माझी, हे मी त्यांनाही सांगितलं.

लोभ असावा, असं लिहायचा धीर होत नाही.

तुझी ताई


ताबाका, ३० ऑगस्ट १९९८

ती. ताईस,
डाव्या हाताचा नमस्कार.

अक्षराला हसू नकोस. सिस्टरांनी छडी उगारली असती. पेन्सिलीनंच लिहिलंय, राहावं म्हणून. दोन महिने या घरात तुझं नाव काढायची मीच बंदी केली होती. आता नवरा भांडं धरतो, मी घासते. डाव्या हातानं जेवते, तरी सासूबाई एक टोमणा मारत नाहीत. त्याचीच भीती वाटते.

परवा आंघोळ करताना गळ्याच्या हाडाखाली वाटाण्याएवढं काहीतरी लागलं. दुसऱ्या कुणाची सुई नको. तूच टोच, तूच बघ, काचेवर नाव तूच घाल. आणि या खेपेला दिसेल तेच सांग.

लोभ आहे. लवकर ये.

गेसारे