सत्तावन्न चाली

शेणवा, ता. शहापूर
२८ जानेवारी २००२

तीर्थरूप जयराममामा यांस,
वंदनाचा सप्रेम जयभीम.

इकडे सगळे ठीक. तुमची आणि मामींची तब्येत बरी असेल. सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते, त्याचं उत्तर मला येत नाही. बुद्धिबळाचा एखादा डाव जिंकता येतोच हे पक्कं असेल, पण त्याला नियमात बसतात त्यापेक्षा जास्त चाली लागत असतील, तर तो जिंकलेला म्हणायचा की बरोबरीचा?

तुमच्याकडे म्हशाची जत्रा भरली असेल. आई म्हणते, चांगली घोंगडी दिसली तर एक घेऊन ठेवा. माझं बी.एस्सी.चं प्रमाणपत्र आलं. बाबांनी ते चौकट करून दारासमोरच लावलंय. आलेल्या माणसाला पाणी नंतर मिळतं, प्रमाणपत्र आधी.

आता मूळ गोष्ट. कल्याणला ज्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवते, तिथे कॉलेजच्या सरांनी दिलेल्या काही सीड्या लावून बघितल्या. दोन्ही राजे धरून पटावर पाचच सोंगट्या उरल्या की पुढे काय होणार, ते त्यांत आहे. अंदाज नाही, अगदी नक्की. मशीन आधी मात झालेल्या सगळ्या मांडण्या घेतं आणि बघतं, इथवर कुठल्या चालीने येता येतं? त्याच्या आधी? असं मागे मागे जात एकही मांडणी सोडत नाही. तुम्ही रेल्वेत गँगमन असताना खर्डीपासून रूळ धरून ठेवणारी एकेक चावी ठोकत चालायचात, तसंच.

त्यात माणसांनी शंभरावर वर्षं खरं मानलेल्या काही गोष्टी चुकीच्या निघाल्या. एकीकडे दोन उंट, समोर एकटा घोडा. घोडा कोपऱ्याजवळ आपल्या राजाला बिलगून बसला की बरोबरी, असं जुनी पुस्तकं सांगायची. मशीन म्हणतं, नाही. तो किल्ला फुटतो. वेळ लागतो, पण फुटतो.

तुम्हाला आठवलं असेल. ९३ सालचा सव्वीस जानेवारी, शहापूरचा मांडव, शेवटचा डाव. तुमचे दोन उंट आणि कमळाकरभाऊंचा घोडा. जिंकलात तर बक्षिसाची ढाल तुमची, बरोबरी झाली तर त्यांची. कमळाकरभाऊ म्हणाले, “सोड रे जयराम, बरोबरी हाय. जेवायला चल.” तुम्ही म्हणालात, “तुला भूक लागली तर तू जा. तुझा घोडा मी सांभाळतो.” अख्खा मांडव हसला. मग कोणीतरी इंग्रजी पुस्तक आणून पंचांना वाचून दाखवलं, आणि पंचांनी बरोबरी देऊन डाव थांबवला.

त्या डावाची नोंद माझ्या वहीत होती. तीच मांडणी मशीनवर लावली. मामा, तुम्ही जिंकत होतात! घोडा कोपऱ्यात शिरल्यावर तुम्ही अकरा चाली केल्या होत्या. त्यातल्या नऊ मशीनच्याच, आणि उरलेल्या दोन चालींनीही डाव हातचा जात नव्हता. चौथी शिकलेला माणूस, गँगच्या खोपटात खडूने आखलेल्या पटावर खेळ शिकलेला! मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले. पोरं विचारायला लागली, “मॅडम, लाइट गेली का?”

फक्त समोरच्याने अगदी चिवट खेळ केला, तर घोडा कोपऱ्यात शिरल्यापासून तो मारायला सत्तावन्न चाली लागतात. नियम पन्नासांचा: तेवढ्या चालींत एकही सोंगटी मारली गेली नाही, तर बरोबरी. म्हणून वरचा प्रश्न.

वर मी ‘कोणीतरी’ असं लिहिलंय. खोडणार होते, पण राहू देते. ते पुस्तक माझं होतं, शाळेत बक्षीस मिळालेलं. आठवीतली मी, घरात इंग्रजी वाचणारी एकटी. सगळ्यांनी ऐकावं म्हणून मोठ्याने वाचलं. तुम्ही म्हणालात, “गो पोरी, घोडा पुस्तकात नाय, हितं हाय. त्याला हलू दे की.” मी म्हटलं, “मामा, छापलंय ते.”

परतताना एसटीत तुम्ही एवढंच बोललात, “चांगलं वाचतेस गो.” त्यानंतर पटाला हात लावला नाहीत. आईला वाटतं, डोळे दुखतात म्हणून. नऊ वर्षं मी तिला तसंच वाटू दिलं.

परवा शहापूरची स्पर्धा झाली. यंदा मला पंच म्हणून बोलावलं होतं. तिथे बाई पंच पहिल्यांदाच. बक्षिसांच्या आधी मी मोठ्या पटावर तुमचा डाव लावला आणि माइकवरून सगळं सांगितलं. मशीनचं उत्तर, पन्नासांचा नियम, आणि पुस्तक वाचून तो डाव कोणी मोडला, तेही नावासकट. निकाल बदला असं म्हटलं नाही. कमळाकरभाऊ पुढेच बसले होते. ओरडून म्हणाले, “सत्तावन्न कसल्या! मी तिसाव्या चालीलाच घोडा घालवला असता गो!” मग तेच आधी उठून उभे राहिले, आणि टाळ्या तुमच्या नावाने झाल्या.

तुम्ही जत्रा सोडून येणार नाही हे मला ठाऊक होतं. तरी हे सगळ्यांसमोर सांगू का, असं आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही “ऱ्हाऊ दे गो” म्हणाला असतात, आणि मी ऐकलं असतं. म्हणून आधी केलं, आणि आता कळवते.

त्या दिवशी तुमचं न ऐकलेली,
तुमची भाची
वंदना